जावाच्या गावात

1 ऑगस्ट 2023 पासून बंगळुरू-म्हैसूर द्रुतगती महामार्गाच्या मुख्य मार्गिकांवर दुचाकींना मनाई आहे. पुण्याहून किंवा कोल्हापूरहून मोटरसायकल घेऊन निघालेला माणूस बंगळुरू ओलांडून म्हैसूरकडे वळला, की त्याला सेवारस्ता धरावा लागतो. तिथे गतिरोधक, उलट्या बाजूनं येणारे ट्रॅक्टर, उसाच्या बैलगाड्या आणि मधेच उखडलेला पट्टा हे सगळं ओळीनं भेटतं. म्हैसूर ओलांडून पुढे गेलात तरी तीच तऱ्हा. हुणसूरवरून कोडगूकडे जाणारा मोठा रस्ता चांगला आहे, पण त्याला फुटणाऱ्या कॉफीमळ्यांच्या वाटा लाल मातीच्या. एच. डी. कोटेवरून कबिनीच्या पाणलोटाकडे वळलं की डांबर संपायला फार वेळ लागत नाही. चामराजनगरवरून बिळिगिरी रंगनच्या डोंगराकडे निघालं तर पाऊस पडून गेलेला असेल त्या दिवशी वाट वेगळी आणि कोरड्या दिवशी वेगळी.

डांबर आणि माती दोन्ही पेलणारी गाडी कुठली घ्यावी, हा प्रश्न हल्ली तिशी-चाळिशीतले बरेच जण विचारतात. तो म्हैसूरच्या रस्त्यांवर विचारून पाहिला तर उत्तर लवकर सापडतं, असं माझं मत आहे. रस्ते हे त्याचं एक कारण. दुसरं कारण म्हणजे याच शहराच्या यादवगिरी भागात आयडियल जावाचा कारखाना साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून 1996 पर्यंत चालला. ‘ड्युअल-स्पोर्ट’, ‘ॲडव्हेंचर’ ही नावं आपल्याकडे येण्याच्या कितीतरी आधी, शहरातल्या कॉलेजकुमाराला आणि खेड्यातल्या बागायतदाराला एकच गाडी पुरवणारा कारखाना होता तो.

जावा मुळात झेक. प्राग शहरात 1929 साली फ्रांटिशेक यानेचेक यांनी जर्मन वांडरर कंपनीचा मोटरसायकल विभाग विकत घेतला आणि आपल्या व त्या कंपनीच्या नावाची पहिली अक्षरं जोडून गाडीचं नाव ठेवलं. भारतात ती आणली रुस्तम आणि फारोख इराणी यांनी. परवाना मिळवून त्यांनी म्हैसूर निवडलं, आणि 1961 साली कारखान्याचं उद्घाटन त्या वेळचे म्हैसूर राज्याचे राज्यपाल, म्हणजे पूर्वीचे महाराज, जयचामराजेंद्र वाडियार यांच्या हस्ते झालं. सुरुवातीला टाकीवर ‘जावा’ असायचं. 1973 पासून ‘येझदी’ आलं, इराणी कुटुंबाच्या मूळ भूमीतल्या यझ्द शहरावरून. 1978 साली रोडकिंग आली, आणि पुढची अठरा वर्षं कारखान्याची ओळख बऱ्याच अंशी तिच्यावर टिकली.

ही गाडी डोळ्यांसमोर आणायची तर डाव्या बाजूला खाली बसून बघावी लागते. गिअरचा दांडा आणि किकचा दांडा वेगळे नाहीत, एकच आहे. दांडा आत ढकलून वर फिरवायचा, की तो किक होतो. इंजिन सुरू झालं की दांडा परत खाली आणायचा आणि त्यावरच गिअर टाकायचे. दुसरी गंमत आतली. गिअरचा दांडा पायानं दाबला की आतला कॅम क्लच आपोआप मोकळा करतो, म्हणजे चालत्या गाडीत हातानं क्लच न दाबताही गिअर बदलता येतो. चिखलात हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरायची वेळ येते तेव्हा ही सोय किती मोलाची ठरते, हे शेतवाटेनं गाडी काढणाऱ्यालाच विचारावं. एका सिलिंडरला दोन सायलेन्सर, दोन्ही बाजूंना एकेक. इंजिन 250 सीसीच्या घरातलं, टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणारं. जुन्या जावाची ताकद 12 अश्वशक्ती, रोडकिंगची सुमारे 16. आजच्या हिशेबानं हे आकडे फारच किरकोळ.

पण आकड्यांत न दिसणारी गोष्ट म्हणजे तिची खालची ओढ. जड फ्लायव्हीलमुळे इंजिन मंद फेऱ्यांवरही दम सोडत नाही. दुसऱ्या गिअरमध्ये, माणसाच्या चालण्याच्या वेगानं, ती चढ चढते. वेगाच्या टू-स्ट्रोक गाड्या वरच्या फेऱ्यांत उसळतात आणि खाली मरगळतात. येझदीचं उलट होतं. कच्च्या वाटेवर नेमकी हीच ओढ लागते, कारण तिथे पुढे जायचं ते टायर घसरू न देता. एकदम उसळणारी ताकद मातीत मागचं चाक नुसतं फिरवते आणि खड्डा खणते.

वजन दीडशे किलोच्या आत. पडली तर एकट्यानं उचलता येते. आणि बिघडली तर? टू-स्ट्रोक इंजिनात वाल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, टायमिंग चेन नाही. पॉइंट काळे पडले तर घासायचे, प्लग ओला झाला तर सुकवायचा, सायलेन्सर तुंबला तर आतली जाळी काढून कार्बन जाळायचा. तालुक्याच्या गावचा फिटर हे सगळं झाडाखाली बसून करायचा, आणि काही गावांत अजून करतो.

तिचे दोषही सांगितले पाहिजेत, कारण जुन्या गाडीवर प्रेम करणारे ते लपवतात. ड्रम ब्रेक लांबलचक उतारावर तापून सुस्तावतात. टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग जवळपास नाहीच, त्यामुळे घाट उतरताना गाडी सुटल्यासारखी धावते. आणि थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून उतरलं तर पेट्रोलबरोबर जाणारं ऑइलही कमी होतं, पिस्टनला वंगण मिळत नाही. म्हणून जुने जाणकार उतारावर अधूनमधून थ्रॉटल थोडा उघडतात. जुन्या जावाचा 6 व्होल्टचा हेडलाइट तर रात्रीच्या रस्त्यावर मेणबत्तीइतकाच उपयोगी. आणि शॉकॲब्सॉर्बरचा पल्ला आजच्या साहसी गाड्यांच्या मानानं बराच कमी. मोठा खड्डा आला की तो कण्याला कळतो.

तरीही कच्च्या रस्त्याशी या गाडीचं नातं योगायोगाचं नव्हतं. ते झेक मैदानांतून आलेलं. 1913 साली इंग्लंडमधल्या कार्लाइल शहरात ‘इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायल’ ही स्पर्धा सुरू झाली. सहा दिवस, जंगल, डोंगर, ओढे आणि मधे सार्वजनिक रस्ते, म्हणून गाडी रस्त्यावर चालवायला कायद्यानं योग्य असलीच पाहिजे. आणि सगळ्यात कडक नियम असा, की गाडी दुरुस्त करायची ती स्वारानं स्वतःच. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तीन दशकांत चेकोस्लोव्हाकियाच्या संघानं या स्पर्धेची ट्रॉफी पुन्हा पुन्हा जिंकली, जावा आणि तिच्याच नात्यातल्या सीझेड गाड्यांवर. पुढे यामाहाची 1968 सालची डीटी-1 आणि बीएमडब्ल्यूची 1980 सालची आर 80 जी/एस यांनी डांबर-माती दोन्हींसाठीची गाडी जगभर बाजारात रुजवली, पण स्वारानं आपली गाडी आपणच उभी करायची आणि आपणच चालती करायची, ही अट त्या जुन्या स्पर्धेतली. ती मला आजही निवडीची पहिली कसोटी वाटते.

म्हैसूरचा कारखाना का बंद पडला याची कारणं ठाऊकच आहेत. 1984-85 मध्ये जपानी सहकार्यानं आलेल्या 100 सीसी गाड्या कमी पेट्रोलमध्ये लांब पळत होत्या, किकला हलक्या होत्या, आणि त्यातली सीडी 100 फोर-स्ट्रोक असल्यानं धूरही सोडत नव्हती. इंड-सुझुकी, आरएक्स 100, सीडी 100. त्यांच्यासमोर येझदी जड, तहानलेली आणि धूर ओकणारी दिसू लागली. त्यात धुराचे नियम कडक होत गेले. 1996 साली कारखान्याला कुलूप लागलं. म्हैसूरजवळ दुचाकी बनवण्याचं काम मात्र थांबलं नाही, टीव्हीएसचा कारखाना तिथे चालूच आहे. आणि जावा-येझदीवाले दर वर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी देशभर एकत्र येतात. आपापल्या गाड्या घासूनपुसून आणतात, किकचा दांडा फिरवून दाखवतात. पुण्यातही, म्हैसूरमध्येही.

आता आजची गाडी निवडायची वेळ आली तर पाहायचं काय?

दुकानात विक्रेता पहिल्यांदा अश्वशक्ती सांगेल. ती सगळ्यात शेवटी ऐकावी. आधी गाडी कुठल्या मातीवर जाणार ते ठरवावं, कारण माती आणि माती यांत फरक आहे. म्हैसूर-कोडगूची लाल माती कोरडी असली की तिच्यावर बारीक खडे सुटे पडलेले असतात. पुढचं चाक त्यावरून निसटतं, विशेषतः वळणावर ब्रेक धरला तर. ओली झाली की ती गुळगुळीत होते, पण चाकाला फार चिकटत नाही. आपल्याकडची काळी माती याच्या अगदी उलट. लातूर, परभणी, सोलापूरच्या शेतवाटेवर पावसात गाडी घाला. माती टायरला गुंडाळत जाते आणि पुढच्या मडगार्डमध्ये घट्ट बसते. मडगार्ड टायरला चिकटून असेल तर थोड्याच अंतरात चाक फिरायचं थांबतं, आणि मग काठी घेऊन माती उकरत बसावं लागतं. उंच मडगार्ड शोभेचा नसतो, काळ्या मातीच्या माणसाला तो लागतोच. कोकणात किंवा गोव्याच्या जांभ्यावर तिसराच प्रकार. पाऊस लागलेल्या जांभ्यावर शेवाळ धरतं, आणि तिथे टायरची नक्षी मडगार्डपेक्षा महत्त्वाची ठरते.

पुढचं चाक किती इंची, यावर बराच खल होतो. 21 इंची चाक दगड-खड्ड्यावरून सहज चढून जातं, कारण त्याच उंचीच्या अडथळ्याला ते कमी तिरप्या कोनात भिडतं. 17 इंची चाक डांबरावर चपळ, दगडावर धडपडं. 19 इंची मधलं. ज्याचा प्रवास बहुतांश डांबरावर आहे त्यानं 19 इंचीला नाक मुरडू नये. आऱ्यांचं चाक दगडावर आदळून वाकलं तरी गावात सरळ करून मिळतं, अलॉय मात्र तडकलं की संपलं. पण आऱ्यांच्या चाकात बहुधा ट्यूब असते, आणि ट्यूबचं पंक्चर आडरानात काढायचं तर टायर उतरवावा लागतो. काही कंपन्या आता ट्यूबलेस आरेवाली चाकंही देतात. ती परवडत असतील तर जरूर घ्यावीत.

एबीएसबद्दलही सांगायला हवं. 125 सीसीवरच्या सगळ्या गाड्यांना 2019 पासून तो सक्तीचा झाला, आणि डांबरावर तो जीव वाचवतो. सुट्या खड्यांवर मात्र चाक थोडं लॉक होऊन माती पुढे ढकलतं आणि त्या ढिगाऱ्यावर गाडी थांबते. एबीएस चाकाला लॉक होऊ देत नाही, त्यामुळे उतारावर गाडी थांबायच्या ऐवजी सरकत राहते. म्हणून मागच्या चाकाचा एबीएस बटणानं बंद करता येणारी गाडी घ्यावी. डांबरावर परतलं की तो आठवणीनं चालू करावा.

या सगळ्याच्या वर वजन. मातीवर जाणारी गाडी पडते. चालवणारा कितीही तरबेज असो, ओल्या उतारावर कधीतरी ती आडवी होणारच. त्या वेळी बरोबर कोणी नसेल तर तुम्ही ती उचलू शकाल का? सीटची उंचीही याच्याशीच जोडलेली. 830 मिलिमीटरवर बसून ज्याचे फक्त पंजेच टेकतात, त्याला डांबरावर काही जाणवणार नाही. खड्ड्यात एक पाय हवेत राहिला, की मात्र गाडी त्याच्या बाजूनं झुकते आणि परत येत नाही.

बाजारात आज भारतात बनलेल्या चार गाड्या या कामासाठी बहुतेकांच्या यादीत असतात. हिरोची एक्सपल्स 2019 साली 200 सीसीमध्ये आली, आता 210 मध्ये आहे. साधारण 170 किलो, सुमारे 24 अश्वशक्ती, उंच शॉकॲब्सॉर्बर, 21 इंची पुढचं चाक. हिच्या आधीची इंपल्स 2011 मध्ये आली होती, आणि आपल्या बाजारात खऱ्या अर्थानं दोन्ही रस्त्यांसाठी काढलेली गाडी म्हणून तिला मानानं आठवलं पाहिजे. त्या वेळी ती फारशी खपली नाही. रॉयल एनफील्डची हिमालयन 2016 साली 411 सीसीमध्ये आली, आणि नोव्हेंबर 2023 पासून 452 सीसीची, सुमारे 40 अश्वशक्तीची, 196 किलोची. चाकणला बनणारी केटीएम 390 ॲडव्हेंचर चपळ आणि ताकदवान, नव्या रूपात तिलाही 21 इंची चाक मिळालं आहे. आणि चौथी, जिच्या नावानं म्हैसूरकरांचा आणि आपल्याकडच्या पन्नाशीतल्यांचा ऊर भरून येतो, ती येझदी ॲडव्हेंचर.

ही नवी येझदी 13 जानेवारी 2022 रोजी आली. महिंद्रांच्या क्लासिक लेजेंड्स या कंपनीनं ती काढली, आणि त्यात रुस्तम इराणींचे चिरंजीव बोमन इराणी भागीदार आहेत. गाडी म्हैसूरला नाही, मध्य प्रदेशात पीथमपूरला बनते. 334 सीसी, फोर-स्ट्रोक, पाण्यानं थंड होणारं इंजिन, जवळपास 30 अश्वशक्ती, 220 मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स. रस्ता, पाऊस आणि कच्ची वाट यांसाठी एबीएसचे तीन पर्याय. नाव मिळवायलाही सोपं गेलं नाही. ‘येझदी’ हे व्यापारचिन्ह कुणाचं यावर कर्नाटक उच्च न्यायालयात मोठा वाद झाला.

निवड माझी सांगतो. म्हैसूर भोवतालच्या वाटांसाठी, आणि महाराष्ट्रात एकटा हिंडणाऱ्या बहुतेक माणसांसाठी, मी एक्सपल्स घेईन. द्रुतगती मार्गावर बंदी असेल, मळ्याच्या वाटेवर वेग चाळीसच्या पुढे जाणारच नसेल, तर 40 अश्वशक्तीचा भार कशासाठी वाहायचा? पंचवीस-सव्वीस किलोंचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, ओल्या उतारावर पडलेली गाडी उचलताना तोच हातांना कळतो. बायको किंवा मित्र मागे बसणार असेल, सामान असेल, पुणे ते म्हैसूर असा लांबचा पल्ला असेल, तर हिमालयन. तिचं वजन जास्त आहे पण ते खाली आहे, त्यामुळे चालताना जाणवत नाही, फक्त उचलताना जाणवतं. ज्याला मातीत खरोखर वेगानं जायचं आहे आणि ज्याला त्याचं शिक्षण आहे, त्यानं केटीएमकडे बघावं. वेगाची हौस असेल आणि शिक्षण नसेल तर आधी शिक्षण घ्यावं. कर्नाटकात त्यासाठी चांगल्या शाळा आणि रॅलींची परंपरा आहे. 2015 साली डकार रॅली पूर्ण करणारे पहिले भारतीय सी. एस. संतोष बंगळुरूचेच, आणि 2019 साली महिलांचा बाजा विश्वचषक जिंकणारी ऐश्वर्या पिस्सेही तिथलीच.

नव्या येझदीबद्दल मन जड करून सांगतो. गाडी वाईट नाही. पण सुमारे 188 किलो वजन आणि आतलं सगळं इलेक्ट्रॉनिक्स घेऊन ती जुन्या येझदीच्या गुणांची वारसदार होत नाही, नावाची होते. जुनी येझदी सोपी, हलकी आणि गावात दुरुस्त होणारी होती. ते तीन गुण आज जिच्यात सगळ्यात जास्त आहेत ती गाडी घ्यायची, टाकीवर नाव काहीही असो. ज्याला नवी येझदी आवडते त्यानं ती जरूर घ्यावी, फक्त आपल्या जिल्ह्यात तिचं सर्व्हिस सेंटर किती अंतरावर आहे हे आधी बघावं. कार्ब्युरेटरच्या गाडीचा जेट तारेनं साफ करता यायचा. इंजेक्शनच्या गाडीचा सेन्सर गेला की टोइंगची गाडीच बोलवावी लागते. हे एक्सपल्सलाही लागू आहे आणि हिमालयनलाही, पण त्यांची दुकानं तालुक्यापर्यंत पोहोचली आहेत.

गाडी घेण्याआधी दोन गोष्टी दुकानातच कराव्यात. पहिली, विक्रेत्याला विचारून स्टँड काढलेली गाडी एका बाजूला हळू झुकवावी आणि कुठपर्यंत आपण ती सांभाळू शकतो ते बघावं. दुसरी, फुटरेस्टवर उभं राहून हँडल धरावं. पाठ वाकत असेल, गुडघे टाकीला टेकत नसतील तर हँडल उंच करावं लागेल. कच्च्या वाटेवर निम्मा वेळ उभं राहूनच जायचं असतं, आणि सीटवरचा आराम तिथे कामाला येत नाही.

जंगलाबद्दल एक सांगायलाच हवं. बंडीपूरमधून जाणाऱ्या महामार्गावर 2009 पासून रात्री 9 ते पहाटे 6 वाहनांना बंदी आहे, आणि ती हत्ती-हरणांच्या जिवासाठी आहे. राखीव जंगलात वाट दिसते म्हणून चाक घालायचं नाही. मळ्याच्या खासगी वाटेवरही मालकाला विचारल्याशिवाय जाऊ नये. गाडी कुठेही जाऊ शकते म्हणून आपल्याला कुठेही जायचा हक्क मिळत नाही.

आणि ज्याला जुनी येझदीच हवी आहे, त्याला मी अडवणार नाही. फक्त ती दुसरी गाडी म्हणून घ्यावी, रोजची आणि डोंगरातली एकमेव म्हणून नाही. चेसिस आणि इंजिन नंबर आरसी पुस्तकाशी ताडून पाहावेत. पंधरा वर्षं उलटल्यानंतर नोंदणीचं नूतनीकरण झालं आहे का, हे विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर न सोडता कागदावर बघावं. सिलिंडर किती वेळा बोअर झाला आहे ते विचारावं, कारण पिस्टनच्या ओव्हरसाइझला मर्यादा असते आणि शेवटच्या मापाच्या पुढे फक्त नवा स्लीव्ह उरतो. क्रँकचा आवाज कान लावून ऐकावा. मग गाडी चांगली अर्धा तास चालवून, पूर्ण तापल्यावर बंद करावी, पाच मिनिटं थांबावं आणि दांडा फिरवून किक मारावी. तापलेली येझदी दोन-तीन किकांत सुरू होत असेल तर तिचे क्रँक सील आणि कॉइल ठीक आहेत असं धरायला हरकत नाही. होत नसेल, तर किंमत त्या हिशेबानं बोलावी.